मडक्यातली बाटली: जिवाणू आणि यीस्ट आपली औषधे कशी तयार करतात

चोपडा तालुक्यातील आमच्या गावी माझे चुलते, ज्यांना घरात सगळे आप्पा म्हणतात, गेली अनेक वर्षे इन्सुलिन घेत आहेत. मे महिन्यात खानदेशात पारा ४४-४५ अंशांवर जातो आणि वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो, म्हणून त्यांनी मोठ्या मडक्यात छोटे मडके ठेवून मधल्या जागेत ओली वाळू भरली आहे आणि आतल्या मडक्यात इन्सुलिनची बाटली फडक्यात गुंडाळून ठेवलेली असते. आप्पा माळकरी आहेत. गेल्या उन्हाळ्यात पारावर कुणीतरी त्यांना सांगितले की इन्सुलिन डुकरापासून काढतात, आणि त्यांनी कुणालाही न सांगता दोन दिवस सुई घेतली नाही. साखर चारशेच्या वर गेली तेव्हा काकूंनी मला फोन केला. मी गावी पोहोचलो तेव्हा त्यांनी एवढेच विचारले, "पोरा, खरं सांग, यात जनावर आहे का?"

या प्रश्नाचे उत्तर "नाही" असे एका शब्दात देता येते. पण "मग कशापासून?" हा पुढचा प्रश्न लगेच उभा राहतो आणि त्याचे उत्तर एका शब्दात मावत नाही. केंद्रीय मंत्रिमंडळाने २४ ऑगस्ट २०२४ रोजी जैवनिर्मितीला चालना देणारे 'बायोई-३' धोरण मंजूर केल्यापासून वर्तमानपत्रांतही जिवाणूंकडून औषधे, रसायने आणि अन्नघटक तयार करून घेण्याविषयी वरचेवर छापून येते, आणि वाचणाऱ्याच्या हाती बहुधा मोठमोठे शब्दच लागतात. आप्पांना जे सांगितले, तेच येथे थोडे विस्ताराने मांडत आहे.

पारावरचे बोलणे एकेकाळी खरे होते

टोरांटो येथे १९२१ साली फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट यांनी स्वादुपिंडातून इन्सुलिन वेगळे केले. त्यानंतर सुमारे साठ वर्षे जगभरातील मधुमेही गाईबैलांच्या आणि डुकरांच्या स्वादुपिंडातून काढलेल्या इन्सुलिनवर जगले. जेमतेम सव्वादोनशे ग्रॅम शुद्ध इन्सुलिनसाठी दोन टनांहून अधिक अवयव लागत. डुकराचे इन्सुलिन माणसाच्या इन्सुलिनपेक्षा केवळ एका घटकाने वेगळे असते आणि गाईचे तीन घटकांनी, त्यामुळे ते काम करीत असे, परंतु काही रुग्णांच्या शरीराला ते परके वाटून त्रास होई.

अमेरिकेत १९७८ साली माणसाच्या इन्सुलिनची कृती जिवाणूच्या पेशीत घालून त्या पेशीकडून इन्सुलिन तयार करून घेण्यात यश आले आणि १९८२ साली ते औषध म्हणून मान्य झाले. आज औषधाच्या दुकानात 'ह्यूमन इन्सुलिन' या नावाने मिळणारी बाटली या मार्गाने तयार झालेली असते. पारावरच्या माणसाने खोटे सांगितले नव्हते. त्याची माहिती चाळीस वर्षे जुनी होती, एवढेच.

कृती आणि लिपी

'कृती' हा शब्द मी मुद्दाम वापरला. प्रत्येक सजीवाच्या पेशीत डीएनए नावाचा एक अतिशय लांब धागा असतो आणि त्यावर चार प्रकारच्या रासायनिक अक्षरांत मजकूर लिहिलेला असतो. त्या मजकुराचा जो तुकडा एखादे प्रथिन कसे तयार करायचे हे सांगतो, त्याला जनुक म्हणतात. प्रथिन म्हणजे अमिनो आम्ल नावाच्या वीस प्रकारच्या मण्यांची ठरावीक क्रमाने ओवलेली माळ. इन्सुलिन ही त्यातली अगदी लहान माळ असून तिच्यात ५१ मणी असतात, एका सरात २१ आणि दुसऱ्यात ३०.

सगळ्या शास्त्राचा पाया असलेली गोष्ट अशी की, ही लिपी माणसाची, केळीची, जिवाणूची आणि यीस्टची जवळजवळ एकच आहे. अहिराणी, मराठी आणि हिंदी या तिन्ही भाषा देवनागरीतच लिहिल्या जातात, त्यामुळे अमळनेरच्या माणसाने लिहिलेली चिठ्ठी नागपूरचा माणूस मोठ्याने वाचू शकतो. त्याचप्रमाणे माणसाच्या इन्सुलिनचे जनुक जिवाणूच्या पेशीसमोर ठेवले, तर तिला हे कुणाचे जनुक आहे याच्याशी काही कर्तव्य नसते. ती अक्षरे वाचते आणि मणी ओवते.

हा दृष्टान्त आणखी थोडा पुढे नेता येतो. लिपी एक असली तरी शब्दांची सवय वेगवेगळी असते. प्रमाण मराठीत ज्याला मुलगा म्हणतात त्याला अहिराणीत आंडोर म्हणतात. एकाच मण्यासाठी डीएनएच्या लिपीत एकापेक्षा अधिक शब्द असतात आणि प्रत्येक जीवाला त्यातले काही अधिक अंगवळणी पडलेले असतात. म्हणून शास्त्रज्ञ माणसाचे जनुक जसेच्या तसे न वापरता, अर्थ तोच ठेवून, जिवाणूच्या सवयीच्या शब्दांत पुन्हा लिहून घेतात. मणी तेच राहतात, पण ओवण्याचा वेग वाढतो.

ही चिठ्ठी पेशीत पोहोचवायची कशी, हा प्रश्न १९७३ साली स्टॅनली कोहेन आणि हर्बर्ट बॉयर यांनी सोडवला. जिवाणूंच्या पेशीत मुख्य डीएनएखेरीज प्लाझ्मिड नावाची छोटी कडी असते. ठरावीक जागी कापणारी नैसर्गिक प्रथिने कात्रीसारखी वापरून ती कडी उघडायची, हवे ते जनुक त्यात जोडायचे आणि कडी पुन्हा जिवाणूत सोडायची, अशी ही पद्धत आहे. पेशी विभागताना कडीचीही नक्कल होते. ई. कोलाय नावाचा जिवाणू चांगल्या परिस्थितीत दर वीस मिनिटांनी दुप्पट होतो. सात तासांत अशा एकवीस दुपटी होतात आणि एका पेशीपासून सुमारे २० लाख ९७ हजार पेशी तयार होतात. प्रत्येकीत ती चिठ्ठी असते.

फेटा आणि कापडाचा बोळा

मणी बरोबर ओवले म्हणजे काम झाले असे नाही. नऊवार कापड हाती असणे आणि डोक्यावर फेटा बांधलेला असणे यांत जेवढे अंतर आहे, तेवढेच अंतर मण्यांची माळ आणि काम करणारे प्रथिन यांच्यात आहे. प्रथिनाला ठरावीक घडी पडावी लागते. ती मोडली तर औषध निकामी होते, आणि उष्णतेने ती मोडते. उकडलेल्या अंड्याचा पांढरा बलक पुन्हा पातळ होत नाही, त्याचे कारण हेच. न उघडलेली इन्सुलिनची बाटली २ ते ८ अंशांत ठेवायची असते आणि आप्पांचे मडके ओले राहावे म्हणून काकू दिवसातून दोनदा वाळूवर पाणी शिंपडतात, तेही याच घडीसाठी.

जिवाणूला माणसाच्या प्रथिनांच्या घड्या नीट घालता येत नाहीत. ई. कोलायच्या पेशीत इन्सुलिनचा बहुधा बोळा होतो. तो विरघळवून पुन्हा योग्य घडी घालावी लागते आणि दोन सरांना बांधणारे गंधकाचे टाके जुळवून घ्यावे लागतात. यीस्ट, म्हणजे पाव फुगवणारा किंवा मोहाची फुले आंबवणारा एकपेशीय जीव, या बाबतीत माणसाच्या पेशीला अधिक जवळचा आहे. तो घडी घालतो आणि तयार प्रथिन पेशीबाहेर सोडतो, त्यामुळे ते गाळून घेणे सोपे जाते. भारतात तयार होणारे काही इन्सुलिन यीस्टपासून येते.

यीस्टचे दुसरे मोठे काम आपल्या प्रत्येक घरात पोहोचले आहे. हिपॅटायटिस-बी या यकृताच्या रोगाच्या लशीत विषाणू नसतो. विषाणूच्या बाहेरच्या आवरणाचे एकच प्रथिन यीस्टकडून तयार करून घेतलेले असते. भारतात तयार झालेली अशी पहिली लस १९९७ साली हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्स या कंपनीने बाजारात आणली आणि आयात लशीच्या तुलनेत किंमत झपाट्याने खाली आली. अक्कलकुवा तालुक्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जन्मलेल्या बाळाला पहिल्या दिवशी आणि मग सहाव्या, दहाव्या व चौदाव्या आठवड्याला हे प्रथिन टोचले जाते. ज्या तंत्राला आपण 'येऊ घातलेले' म्हणतो, ते या बाळांच्या आईवडिलांच्या पिढीपासून येथे आहे.

प्रथिन एक, रसायन अनेक हातांचे

इन्सुलिनसाठी मुख्यतः एक जनुक पुरते, कारण इन्सुलिन हे स्वतःच प्रथिन आहे. पण औषधांत, रंगांत आणि सुगंधांत वापरली जाणारी बहुतेक रसायने प्रथिने नसतात. ती वनस्पतीच्या पेशीत एकामागून एक अनेक पायऱ्यांनी बनतात आणि प्रत्येक पायरीवर एक विशिष्ट प्रथिन काम करते. अशा कामकरी प्रथिनाला विकर किंवा एन्झाइम म्हणतात.

जिनिंग-प्रेसिंग पाहिलेल्या माणसाला हे चटकन कळेल. कपाशी गाडीतून उतरते, जिनमध्ये सरकी आणि रुई वेगळी होते, रुई प्रेसमध्ये जाते आणि गाठ बाहेर पडते. जिन वेगाने चालले आणि प्रेस संथ राहिली, तर मधल्या ओट्यावर रुईचे ढीग साचतात आणि एखादी ठिणगी पडली तर सगळेच जळते. पेशीतही तसेच घडते. तिसऱ्या पायरीचे विकर जोरदार आणि चौथ्याचे मंद असेल, तर मधला पदार्थ साचतो आणि कित्येकदा तो पेशीला विषारी ठरतो. म्हणून या कामात नवी जनुके घालण्यापेक्षा त्यांचा वेग एकमेकांशी जुळवण्यातच अधिक वर्षे जातात. शिवाय पेशीने साखर स्वतःच्या वाढीकडे न वळवता आपल्या पदार्थाकडे वळवावी म्हणून तिच्या काही नैसर्गिक वाटा बंद कराव्या लागतात, जसे शेतात पाट फोडून पाणी एका वाफ्याकडे वळवतात.

अवघड भाग टाकीत आहे

बातम्यांत जनुक जोडण्याचे कौतुक असते. माझ्या मते खरी परीक्षा त्यानंतर, टाकीत होते.

घरी विरजण लावणाऱ्या प्रत्येक बाईला आंबवण्याचे शास्त्र हाताने ठाऊक असते. थंडीत पातेले गोधडीत गुंडाळायचे, उन्हाळ्यात विरजण बोटभर कमी घालायचे आणि भांडे माठाजवळच्या गार कोपऱ्यात ठेवायचे, नाहीतर सकाळपर्यंत दही आंबट होते. भांडे नीट धुतले नसेल तर दह्याला तार सुटते. कारखान्यातील पोलादी टाकीला फर्मेंटर म्हणतात आणि तिच्या अडचणी याच असतात, फक्त हजारो पटींनी मोठ्या.

उष्णतेचेच पाहा. वाढणाऱ्या पेशी उष्णता सोडतात. वाटीभर दूध लगेच निवते, पण लग्नाच्या पंगतीचे पातेले तासन्‌तास गरम राहते, कारण आकार वाढला की आतल्या मालाच्या मानाने बाहेरचा पृष्ठभाग कमी पडतो. प्रयोगशाळेतील लहान चंबू आपोआप निवतो, तर लाख लिटरच्या टाकीला आत-बाहेर नळ्या फिरवून सतत थंड पाणी खेळवावे लागते. प्राणवायूचेही तसेच आहे, तळापर्यंत तो पोहोचवायला जोराने हवा सोडावी लागते आणि घुसळावे लागते. बाहेरचा एखादा जिवाणू शिरला की संपूर्ण टाकी ओतून द्यावी लागते.

आणखी एक अडचण शेतकऱ्याला जवळची वाटेल. आपल्यासाठी प्रथिन बनवणाऱ्या पेशीवर ओझे असते, म्हणून ती हळू वाढते. एखादी पेशी विभागताना ती कडी गमावून बसली की ओझ्यातून सुटते, वेगाने वाढते आणि तणासारखी टाकी व्यापते. यावर उपाय म्हणून जनुकाला एक कळ जोडतात. पेशींची पुरेशी गर्दी होईपर्यंत ती बंद ठेवायची आणि मगच उघडायची. कपाशीतही झाड आधी अंगाने भरते, बोंडे नंतर लागतात.

टाकीतला माल तयार झाल्यावर त्यातून हवे तेवढेच वेगळे काढणे हा खर्चाचा मोठा भाग असतो. टोचण्याच्या औषधात तर जिवाणूचा अंशही चालत नाही.

हे बीटी कपाशीसारखेच आहे का?

खानदेशात हा प्रश्न आधी येतो आणि यायलाच हवा, कारण आपण तो अनुभव घेतला आहे. बीटी कपाशीला भारतात २००२ साली परवानगी मिळाली. तिच्यात बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जिवाणूचे जनुक घातलेले आहे आणि त्यामुळे झाड स्वतःच बोंडअळीला मारक प्रथिन तयार करते. पुढे गुलाबी बोंडअळीने त्या प्रथिनाला दाद देणे बंद केले आणि त्याची किंमत आपल्या शेतकऱ्यांनी मोजली.

मूळ तंत्र दोन्हीकडे एकच आहे, यात शंका नाही. फरक जागेचा आहे. बीटी कपाशीत बदललेला जीव स्वतःच लाखो हेक्टरांवर उघड्यावर उभा असतो, अळी त्याच्याशी रोज झुंजते आणि पिढ्यान्‌पिढ्या शिकत जाते. टाकीतला जिवाणू बंदिस्त असतो, त्याचे काम संपल्यावर त्याला मारतात आणि बाहेर येतो तो फक्त त्याने बनवलेला पदार्थ. म्हणून बोंडअळीचा धडा इन्सुलिनला लागू होत नाही. त्याचबरोबर, इन्सुलिन सुरक्षित निघाले म्हणून शेतात सोडायचे प्रत्येक बियाणे सुरक्षित आहे, असेही कुणी आपल्या गळी उतरवू नये. हे दोन प्रश्न वेगळे आहेत आणि दोन्ही बाजूंचे लोक ते एकत्र करतात, याचे मला वाईट वाटते.

जिवाणू टाकीबाहेर निसटले तर?

ही भीती आधी शास्त्रज्ञांनाच वाटली होती. तंत्र हाती आल्यावर दोन वर्षांतच, १९७५ साली, कॅलिफोर्नियातील असिलोमार येथे ते एकत्र जमले आणि त्यांनी स्वतःवर बंधने घालून घेतली. वापरला जाणारा के-१२ हा ई. कोलायचा प्रकार १९२२ सालापासून प्रयोगशाळेत वाढत आला आहे आणि माणसाच्या आतड्यात ठाण मांडण्याची क्षमता तो गमावून बसला आहे. गोठ्यात दावणीला खाऊन वाढलेले जनावर सातपुड्यात सोडले तर जसे टिकत नाही, तशीच गत अशा जिवाणूची बाहेर होते. भारतात या कामासाठी पर्यावरण संरक्षण कायद्याखालील १९८९ चे नियम आहेत, संस्थापातळीपासून केंद्रापर्यंत समित्या आहेत आणि टाकीतले पाणी बाहेर सोडण्यापूर्वी जिवाणू मारणे बंधनकारक आहे. नियम कागदावर चांगले आहेत. ते पाळले जातात की नाही हे पाहणारा माणूस जागा असणे ही वेगळी गरज आहे.

आणि त्या पदार्थातच काही मिसळले असेल तर?

माझ्या दृष्टीने हा सर्वांत गंभीर आक्षेप आहे, आणि त्याला इतिहासाचा आधार आहे. १९८९ साली अमेरिकेत ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल पूरक आहार म्हणून घेणारे दीड हजारांहून अधिक लोक आजारी पडले आणि त्यांतील काही दगावले. माग काढल्यावर तो माल एका जपानी कारखान्याचा निघाला. त्या कारखान्याने जनुक बदललेला नवा जिवाणू वापरायला घेतला होता आणि साधारण त्याच सुमारास माल शुद्ध करताना वापरायच्या कोळशाचे प्रमाण कमी केले होते. मालात अपद्रव्ये सापडली. दोष जिवाणूचा की गाळणीतल्या काटकसरीचा, हा वाद त्यानंतर बराच चालला. यातून घ्यायचे ते असे की, कोणत्या जीवाने बनवले यापेक्षा किती शुद्ध केले आणि कुणी तपासले, हे विचारावे लागते.

अन्नाच्या बाबतीतही तेच. चीज करताना दूध फाडण्यासाठी पूर्वी वासराच्या पोटातून काढलेले रेनेट लागे. त्यातील मुख्य विकर सूक्ष्मजीवांकडून तयार करून घेण्यास अमेरिकेत १९९० साली मान्यता मिळाली, आणि माळकरी माणसासाठी हा बदल स्वागतार्हच आहे. आता गाईशिवाय दुधाची प्रथिने बनवण्याची चर्चा चालू आहे. ती खरोखरच दुधाची प्रथिने असतील, म्हणून ज्याला दुधातील प्रथिनांची ॲलर्जी आहे त्याला त्यांचीही होईल. पाकिटावर तसे स्पष्ट छापलेले असलेच पाहिजे.

मग ते जंतू खातात काय?

सगळे ऐकून घेतल्यावर आप्पांनी हा प्रश्न विचारला. त्यांनी चाळीस वर्षे शेती केली आहे, त्यामुळे जिथे पीक आहे तिथे खत असणारच, हे त्यांना सांगावे लागत नाही.

ते मुख्यतः साखर खातात. ती उसाची असते किंवा मक्याच्या स्टार्चची. दोंडाईच्याला मक्यापासून स्टार्च बनवणारा कारखाना आहेच, आणि स्टार्चपासून ग्लुकोज करणारी विकरेही आज सूक्ष्मजीवांकडूनच मिळतात. साखरेचा हिशेब मात्र निष्ठुर असतो. एक किलो ग्लुकोजपासून यीस्ट जास्तीत जास्त ५११ ग्रॅम इथेनॉल देऊ शकते, बाकीचा कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जातो, आणि कितीही जनुके बदलली तरी ही मर्यादा ओलांडता येत नाही. ग्रॅमला हजारो रुपये मिळणाऱ्या औषधात साखरेचा भाव कुणी पाहत नाही. किलोला शंभर रुपये मिळणाऱ्या रसायनात मात्र मक्याचा भाव चार रुपयांनी हलला की कारखाना तोट्यात जातो. कपाशीच्या पऱ्हाट्या आणि केळीचे खांब वापरून साखर मिळवता येते, पण त्यातील सेल्युलोज इतके चिवट असते की ते फोडण्याचा खर्चच आज बहुतेक बेत हाणून पाडतो.

भावाची ही गोष्ट एका मोठ्या उदाहरणात दिसली आहे. मलेरियावरचे आर्टेमिसिनिन हे औषध आर्टेमिसिया या झुडपापासून मिळते. कॅलिफोर्नियातील शास्त्रज्ञ जे कीस्लिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या झुडपाची जनुके यीस्टमध्ये बसवली आणि २०१३ साली लिटरमागे २५ ग्रॅम इतका आर्टेमिसिनिक आम्लाचा, म्हणजे ज्यापासून पुढे आर्टेमिसिनिन बनवतात त्या पदार्थाचा, उतारा मिळाल्याचे प्रसिद्ध झाले. शास्त्र म्हणून ही कामगिरी थोर होती. पण तोवर चीन, व्हिएतनाम आणि आफ्रिकेतील शेतकऱ्यांनी लागवड वाढवली होती, झुडपाच्या औषधाचा भाव खाली आला होता आणि यीस्टचे औषध त्यापुढे महाग पडले. येथे शेतकरी टिकला. दुसऱ्या एखाद्या पिकात तो टिकेलच असे नाही, कारण त्यावेळी भाव कुठे असेल यावर सगळे ठरेल. टाकीतल्या जिवाणूवर मालकी हक्कही असतो. मूळचे बंगालचे शास्त्रज्ञ आनंद मोहन चक्रवर्ती यांच्या तेल खाणाऱ्या जिवाणूला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८० साली पेटंटयोग्य ठरवले, तेव्हापासून ही वाट खुली आहे.

असा कारखाना उद्या तापीच्या किंवा गिरणेच्या काठी येणार असेल, तर मक्याला काय भाव देणार याच्या जोडीने आणखी दोन गोष्टी ग्रामसभेत विचाराव्या लागतील. उन्हाळ्यात टाक्या थंड ठेवायला पाणी कुठून आणणार, आणि उरलेले सांडपाणी कुठे सोडणार. मळीपासून मद्यार्क करणाऱ्या आसवनीत एका लिटरमागे ८ ते १५ लिटर गडद सांडपाणी निघते, आणि ज्या गावाच्या विहिरीत ते उतरले आहे, त्या गावाला त्याचा रंग ठाऊक आहे.

आप्पांनी त्याच संध्याकाळी सुई घेतली. मडक्यातली वाळू वाळली होती, ती त्यांनी स्वतः तांब्याभर पाणी घालून भिजवली.